उजव्या डोळ्यातलं इटॅलिक

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला भिते, लिफ्टला भिते, आणि नवरा होसूर रोडवर स्कूटर चालवतो तेव्हा मागे बसून देवाचं नाव घेत असते. पण ही सगळी किरकोळ भीती झाली. खरी भीती एकच, आणि ती मी सात वर्षांची असल्यापासून माझ्या नाकावर बसलेली आहे.

त्या वयात मला चष्मा लागला आणि नंबर दरवर्षी वाढत थेट उणे बारापर्यंत गेला. वर्गातल्या मुली म्हणायच्या, तुझ्या काचेने कागद पेटेल. पेटत नाही, मी उन्हात तासभर बसून करून बघितलं होतं. तेव्हाच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, "एवढा नंबर म्हणजे डोळा आतून ताणलेला, पडदा पातळ. हिला ओझी उचलू देऊ नका. आणि कधी सरळ रेघ वाकडी दिसायला लागली, तर त्याच दिवशी घेऊन या." बाबा शिंपी होते. सरळ रेघ म्हणजे काय, हे त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं. दर रविवारी सकाळी ते कापड मापायची लाकडी फूटपट्टी माझ्यासमोर उभी धरायचे. "सरळ?" "सरळ." मग ते निवांत चहा घ्यायचे. मी मात्र पुढच्या रविवारपर्यंत खिडकीचे गज, फरशीच्या सांधी, वहीच्या रेघा तपासत फिरायचे.

आणि असल्या डोळ्यांनी मी पोटासाठी काय निवडलं, तर बघण्याचं काम.

गेली बावीस वर्षं मी बंगळूरच्या जयनगरातल्या एका छोट्या छापखान्यात पत्रिकांची अक्षरं लावते. मालकांना सगळं जयनगर अण्णा म्हणतं. त्यांचं घराणंही आमच्यासारखंच, पाच-सहा पिढ्यांपूर्वी इकडे येऊन रुजलेलं, त्यामुळे आमचं मराठी एकाच भांड्यातलं आहे, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. पुण्याहून आलेलं कुणी ऐकलं तर ते आधी हसतं आणि मग हळूच विचारतं, तुम्ही मूळचे कुठले? अण्णा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे असून मला अक्का म्हणतात. लग्न, मुंज, गृहप्रवेश आणि बाराव्या दिवसानंतरच्या जेवणाचं म्हणजे वैकुंठ समाराधनेचं कार्ड, एवढं आमचं जग.

या जगात एक इंग्रजी अक्षर आहे, ज्याच्यावर माझा जीव आहे. त्याला काहीतरी परदेशी नाव आहे, पण आमच्याकडे ते नाव कुणी घेत नाही. ते इटॅलिक आहे, म्हणजे उजवीकडे कललेलं, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला सेरिफ, म्हणजे पावलासारखं बारीकसं टोक. अण्णा त्याला 'सोसे' म्हणतात. कन्नडमध्ये सोसे म्हणजे सून. "बघा अक्का, कशी जरा वाकून आत येते," ते म्हणतात. "पण कणा ताठ. वाकते, पडत नाही."

लोकांना वाटतं, उभं अक्षर ढकललं की इटॅलिक झालं. कोरमंगलाहून लॅपटॉप घेऊन येणारी पोरं तेच करतात, एक बटण दाबतात आणि अख्खा शब्द एका बाजूला लवंडतो. मला ते बघून तळपायाची आग मस्तकात जाते. खऱ्या इटॅलिकमध्ये अक्षराचा जन्मच वेगळा असतो. त्यात ए आपली टोपी काढून ठेवतो आणि साधा गोल होतो. एफ ओळीखाली पाय सोडतो. रेघ बारीक सुरू होते, पोटात भरते आणि पुन्हा बारीक होऊन पुढच्या अक्षराकडे हात करते. सगळी अक्षरं एकाच कोनात कललेली, म्हणून डोळ्याला ती चालताना दिसतात. ढकललेलं अक्षर चालत नाही, ते धक्का खाल्लेलं दिसतं. हा फरक केसाएवढा आहे, आणि तो केस ओळखणं ही माझी नोकरी आहे.

सोसेचे नखरेही आहेत. तिला गर्दी सोसत नाही, म्हणून वधूवरांची नावं आणि मधलं 'अँड'चं वेटोळं एवढंच तिच्यात. हलक्या कागदावर तिच्या बारीक रेघा मोडतात. फोन नंबर आणि हॉलचा पत्ता तिच्यात लावला, तर अर्धं वऱ्हाड भलत्याच हॉलमध्ये जेवून येईल. आणि मेलेल्या माणसाचं नाव तिच्यात कधीच लावायचं नाही, ते उभ्या, सरळ अक्षरात. हा अण्णांच्या वडिलांपासूनचा नियम. का, ते कुणी विचारलं नाही. कललेलं अक्षर कुठेतरी निघालेलं दिसतं आणि गेलेल्या माणसाला आता कुठे जायचं नसतं, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे.

कार्ड छापायच्या आधीची आमची एक रीत आहे. नमुन्याचा कागद उलटा धरायचा, डोकं खाली. उलटं नाव वाचता येत नाही, त्यामुळे डोळा अर्थात अडकत नाही आणि नुसते आकार बघतो. कुठे फट पडली, कुठलं अक्षर लुडकलं, लगेच दिसतं. मी उलटं बघून "सरी", म्हणजे बरोबर, म्हटलं की अण्णा कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावतात आणि कागद पुढे जातो. गेली दहा-बारा वर्षं ते स्वतः बघतसुद्धा नव्हते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या लग्नांचा हंगाम होता. आधी छापखान्याच्या खिडकीच्या एका गजाला पोट आल्यासारखं दिसायला लागलं. मी अण्णांना म्हटलं, गज वाकलाय. ते "हौदा?" म्हणाले, कन्नडमधलं 'हो का', आणि विसरले. मग कॉम्प्युटरवरच्या अक्षरांना अधूनमधून पोट यायला लागलं. मी स्क्रीनला दोष दिला, इतक्या वेळा की अण्णांनी नवा स्क्रीन आणला. मग ट्यूबलाइट बदलून घेतली. मग चष्म्याची दांडी. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर अंगण बदलून घेत होते.

मला काय होतंय ते कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. चाळीस वर्षं ज्या वाक्याची धास्ती घेतली होती, तेच दारात उभं होतं. म्हणूनच मी कडी लावून बसले होते.

त्याच दिवसांत नागपूरची एक मुलगी आली, कोरमंगलात आयटीत नोकरी करणारी. तिला कार्डावर फक्त दोन नावं हवी होती, सोनेरी फॉइलमध्ये, बाकी कोरं. तिचं नाव लांबलचक, अकरा अक्षरांचं. मी मनात म्हटलं, ही सोसेचीच पत्रिका. चार दिवस मी त्या नावाशी खेळले. एवढ्या मोठ्या आकारात अक्षरं जशीच्या तशी ठेवत नाही मी, सांधे हाताने मऊ करते. या वेळी मधल्या तीन अक्षरांच्या पोटात काहीतरी खटकत होतं. कणा मध्येच बाहेर आल्यासारखा. मी तो आत घेतला. पुन्हा बघितलं, पुन्हा थोडा घेतला. मग कागद उलटा धरला. सुरेख. एका कोनात चालणारी अकरा अक्षरं. "सरी," मी म्हटलं आणि अण्णांनी कुंकू लावलं.

फॉइलसाठी धातूचा ठसा लागतो, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉक करून देणारे एक म्हातारे पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, गल्लीत बसतात. त्यांनी ब्लॉक दिला आणि चारशे पत्रिका छापून झाल्या.

मुलगी आईला घेऊन न्यायला आली. पेटी उघडली, एक कार्ड काढलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅम, डोन्ट माइंड, पण माझं नाव लिटरली पडतंय. हे बघा ना, इथे मधे."

मी बघितलं. नाव छान उभं होतं.

तिच्या आईने चष्मा वर केला, कार्ड जवळ घेतलं. "हो ना गं. पत्रिकेत मुलीचं नावच असं पडलेलं, बरं नाही दिसत हो."

माझ्या ओठांवर आलं होतं की बाई, बावीस वर्षं मी हेच करते आहे. पण अण्णांनी कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं, उलटं केलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. अण्णांची आठी खोटं बोलत नाही.

"ब्लॉकमध्ये गडबड झालीय," ते म्हणाले. "परत करून देतो, अम्मा. काळजी करू नका."

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझं चुकलं असेल हे त्यांच्या डोक्यातच येईना. माझ्यासमोरच त्यांनी म्हाताऱ्यांना फोन लावला आणि कन्नडमध्ये नको नको ते बोलले. "एवढी वर्षं झाली, आता डोळे गेले का तुमचे?" मी माऊस हातात धरून बसले होते. पुढची पत्रिका उघडली आणि कामाला लागल्यासारखं केलं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा माझी मुलगी कॉलेजातून यायची होती आणि नवरा ड्युटीवर होता. पर्समधून कार्ड काढलं आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला टेकवून ठेवलं. बारीक काम मी नेहमी उजव्याने बघते, म्हणून आधी डावा डोळा हाताने झाकला. कार्डावरचं नाव सरळ. पण चौकट मध्येच आत चेपलेली, कुणी पाठीत गुद्दा घातल्यासारखी. मग उजवा झाकला. चौकट ताठ उभी. आणि कार्डावरची तीन अक्षरं पडत होती. नागपूरची मुलगी बरोबर म्हणत होती, लिटरली पडत होती.

मी दाराआड टांगलेली बाबांची फूटपट्टी काढली, हात लांब करून उभी धरली आणि उजव्या डोळ्याने बघितली. ती वाकली होती. फूटपट्टीच वाकली, तर मोजायचं कशाने? मी फरशीवर बसले आणि किती वेळ बसले ते माहीत नाही. मुलीने दाराची बेल वाजवली तेव्हा उठले आणि फूटपट्टी आधी जागेवर लावली.

आता कुणीही शहाणं माणूस दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलं असतं. मी एकोणीस दिवस गेले नाही. डॉक्टर काय म्हणतील ते मी मोबाइलवर वाचून ठेवलं होतं, आणि डोळ्यात इंजेक्शन देतात हे वाचल्यावर मोबाइल पालथा घातला होता. मला इंजेक्शनची भीती होतीच. त्याहून भीती होती ती डॉक्टर 'आता काही करता येणार नाही' म्हणतील याची. आणि सगळ्यात मोठी भीती अशी की हा केसाएवढा फरक ओळखणारा डोळा गेला, तर माझ्यात उरतं काय? स्वयंपाक मला धड येत नाही, माणसं मला कंटाळवाणी वाटतात, देवळात माझं मन लागत नाही. मी म्हणजे दोन डोळे आणि त्यांच्यामागे घाबरलेली एक बाई, बस.

पण मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी मी एक डोळा मिटून काम करत होते. पापणीत काहीतरी गेल्याचं नाटक, रुमाल, डोकं कलतं ठेवून बघणं. नव्या छपाईसाठी मी माझ्या सगळ्या करामती गुपचूप काढून टाकल्या आणि सोसेची मूळ अक्षरं जशीच्या तशी ठेवली. अण्णांनी ब्लॉक दुसऱ्याकडून करून घेतला. साहजिकच नाव सरळ आलं. "बघितलंत?" अण्णा म्हणाले. "म्हाताऱ्याचंच चुकलं होतं." त्या दिवसापासून म्हाताऱ्यांचं काम बंद झालं. माझ्या भीतीने एका माणसाचं नाव घालवलं, आणि मी समोर बसून डबा खात होते. घास गिळताना कसला तरी आवाज व्हायचा, तो अण्णांना ऐकू जाईल असं वाटायचं.

विसाव्या दिवशी सकाळी एक माणूस वडिलांच्या समाराधनेचं कार्ड घेऊन आला. वर फोटो, खाली नाव, नियमाप्रमाणे उभ्या अक्षरात. मी नाव लावलं आणि बघितलं. ते कललं होतं. उभंच्या उभं, बटण दाबून ढकलावं तसं, मध्ये चेपून एका बाजूला लवंडलेलं. ज्या खोट्या इटॅलिकला मी आयुष्यभर नावं ठेवली, ते आता माझ्या डोळ्यातच बसलं होतं. आणि समोर तो माणूस डोक्याचं मुंडण केलेला, हात जोडून उभा होता. म्हणाला, "वडिलांना नीटनेटकं लागायचं, स्वल्प बघून करा मेडम." 

त्याला पाठवलं. मग मी अण्णांच्या टेबलाशी गेले.

"अण्णा, ब्लॉक बरोबर होता. माझा डोळा गेलाय."

अण्णांनी खणातून ती पडलेल्या नावाची पत्रिका काढली, उलटी केली आणि बघितली. मला वाटलं, आता म्हाताऱ्यांना ऐकवलं तेच मला ऐकवतील. मी त्याची वाटच बघत होते.

"कधीपासून?" 

"दीड महिना तरी. नक्की कळून वीस दिवस."

"डॉक्टरकडे गेला होता काय अक्का?"

"नाही."

"का?"

"भीती वाटली."

ते उठले, शर्टाच्या खिशात चष्मा टाकला आणि शटर अर्धं ओढलं. "चला. रडायचं ते आटोत रडा." माझ्या नवऱ्याला फोनही त्यांनीच केला.

डोळ्यांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी चौकटी आखलेला एक कागद हातात दिला, मध्ये काळा ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघा आणि रेघा सांगा. डाव्याने सगळ्या चौकटी जागेवर. उजव्याने ठिपक्याभोवतीच्या रेघा आत ओढल्या गेलेल्या, आणि खाली एक चौकट पुसलेलीच. ती पुसलेली चौकट मी पहिल्यांदाच बघितली. बाई म्हणाल्या, पडद्यामागे नको तिथे नव्या रक्तवाहिन्या आल्यात, त्या पाझरतायत. "आधी यायला हवं होतं." मी मान हलवली. हे वाक्यही मला चाळीस वर्षं पाठ होतं.

माझा नवरा बोम्मसंद्रातल्या एका कारखान्यात सुटे भाग मापून पास-नापास करतो. घरात दोघंही मापणारी माणसं. तो युनिफॉर्मवरच आला, मुलगी कॉलेजातून. इंजेक्शनच्या खोलीबाहेर त्याने माझा हात धरला. "स्वल्पच टोचतं म्हणे," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, तुला कुणी सांगितलं, तुझ्या डोळ्यात कुणी टोचलंय? मग आत गेले. टोचत नाही, हे खरं आहे. पण सुई येताना दिसते, म्हणजे दिसते असं वाटतं, आणि मी त्या वेळी आईला हाक मारली. सत्तेचाळिसाव्या वर्षी.

महिन्याला एक, अशी तीन इंजेक्शनं झाली. पाझर थांबला. वाकलेल्या रेघा बऱ्याचशा सरळ झाल्या, पण सगळ्या नाही. ठिपक्याजवळच्या रेघेला अजून कंबर आहे आणि ती पुसलेली चौकट पुसलेलीच राहिली. बाई म्हणाल्या, हे एवढं राहील. पुन्हा वाढलं तर पुन्हा टोचू, म्हणून रोज सकाळी कागद बघायचा. मी विचारलं, आणि डाव्याला? त्या म्हणाल्या, "त्यालाही होऊ शकतं. होईलच असं नाही." तेव्हापासून मी रोज त्या 'च'ला धरून राहिले आहे.

पहिल्या इंजेक्शननंतर आठवड्याने अण्णा आणि मी पेटेत म्हाताऱ्यांकडे गेलो. अण्णांनी हात जोडले. मी म्हटलं, चूक माझ्या डोळ्याची होती. म्हाताऱ्यांनी स्टूल पुढे केलं. ते ब्लॉक डोळ्यांनी कमी आणि अंगठ्याने जास्त तपासतात, धातूवरून अंगठा फिरवत बोलत होते. कन्नडमध्ये म्हणाले, "मला तेव्हाच दिसलं होतं, अक्षर पडतंय. पण फाइल तुमची होती. म्हटलं, मेडमनी केलंय, म्हणजे त्यात काहीतरी असणार. म्हणून तसंच कोरलं."

मला वाटतं, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आता आमचं काम पुन्हा त्यांच्याकडे जातं. छापखान्यात मी डाव्या डोळ्याने अक्षरं लावते, आणि उलटा कागद माझ्यानंतर अण्णाही बघतात. "सरी" आता दोघांनी म्हणावं लागतं.

इथपर्यंतची भीती माझी होती, ती मी कशीबशी पचवली. पण माझ्या मुलीला उणे नऊ नंबर आहे. माझाच वारसा. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, तिलाही रोज कागद बघू द्या. मी फ्रिजच्या दारावर चुंबकांनी तो कागद लावला. रोज सकाळी मी आधी बघायचे, मग तिला हाक मारायचे. ती एका हातात टोस्ट, दुसऱ्या हाताने डोळा झाकून अर्धा सेकंद उभी राहायची. मग दुसरा डोळा. "सरळ आहे आई." आणि गेलीच.

पहिले काही दिवस मला बरं वाटलं. मग तिचा तो आवाज कानात अडकायला लागला. फार लवकर यायचं ते 'सरळ'. मी एकोणीस दिवस ज्या आवाजात सगळ्यांना 'काही नाही, कचरा गेला डोळ्यात' सांगत होते, तोच तो आवाज. चोराची वाट चोराला ठाऊक. ती घाईत म्हणत होती की लपवत होती? विचारलं तर म्हणायची, "काय गं आई, सरळ आहे म्हटलं ना." माझी झोप उडाली.

शेवटी मी एक वाईट काम केलं. छापखान्यात त्या कागदाची हुबेहूब नक्कल केली आणि ठिपक्याशेजारची एक उभी रेघ वाकवली. भरपूर वाकवली, चष्मा न लावताही कळेल एवढी. अण्णांना उलटी धरून दाखवली. "वाकडी आहे," ते म्हणाले आणि का ते त्यांनी विचारलं नाही. सकाळी फ्रिजवर मी ती लावली आणि मुलीला हाक मारली.

ती आली. एक डोळा झाकला, मग दुसरा. "सरळ आहे आई."

मी तिचं मनगट धरलं, टोस्ट खाली पडला. "नीट बघ."

"बघितलं ना!"

"नाही बघितलंस. पुन्हा बघ."

ती हात सोडवायला लागली, आणि मग एकदम रडायलाच लागली. "मी बघतच नाही," ती म्हणाली. "मी दुसरा डोळापण मिटून घेते. रोज. मला भीती वाटते. वाकडी दिसली तर काय करू मी? तुझ्या डोळ्यात सुई घातली तेव्हा मी बाहेर होते आई, तुझा आवाज ऐकला मी."

माझीच मुलगी. नंबरासकट माझी. मी तिचे डोळे पदराने पुसले, चष्मा पुसून नाकावर बसवला आणि तिला फ्रिजसमोर उभं केलं. तिचा डावा डोळा मी माझ्या तळहाताने झाकला. तिच्या पापण्या माझ्या हातावर फडफडत होत्या. "उघड," मी म्हटलं. "मी आहे. काय दिसतंय ते सांग."

तिने डोळा उघडला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "वाकडी आहे."

"कुठली?"

"ठिपक्याच्या बाजूची. आई, वाकडी दिसतेय गं."

मी हात बदलला आणि तिचा उजवा डोळा झाकला. "आता?"

"तीच. यातूनपण तीच."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या सरळ."

दोन्ही डोळ्यांनी तीच एक रेघ, बाकी सगळ्या जागेवर. मी तिला घट्ट धरलं आणि मोठ्याने रडले. तिला वाटलं, झालं, संपलं सगळं. "वाकडीच आहे ती," मी म्हटलं. "मीच वाकवलीय. तुझे डोळे चांगले आहेत."

तिने कागद ओढून काढला, चुंबक घरभर उडाले. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि मी तिला दोष देत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तेव्हा फ्रिजवर खरा कागद तिने स्वतःच लावला होता. हाताची घडी घालून ती शेजारी उभी होती.

"आधी तू," ती म्हणाली. "आणि खरं सांगायचं."

मी डावा डोळा झाकला आणि ठिपक्याकडे बघितलं. घाई केली नाही.

"मधली रेघ वाकडी आहे," मी म्हटलं. "कालच्याइतकीच."

"सरी," ती म्हणाली. मग तिने आपला डोळा झाकला, आणि दुसरा उघडा ठेवला.